मेनू आणि भटारखाना : लंडनच्या सिल्हेटी उपाहारगृहांचा भाषिक इतिहास

१

स्थलांतरित समाजाचा इतिहास लिहावयास घेतला म्हणजे साधनांचा प्रश्न पहिल्याच पावलाला उभा राहतो. जहाजाच्या भट्टीत कोळसा लोटण्यासाठी जे लोक घराबाहेर पडले, त्यांनी रोजनिशा ठेवल्या नाहीत. गावी धाडावयाची पत्रेदेखील ते पुष्कळदा दुसऱ्याकडून लिहवून घेत. त्यांच्याविषयीचे सरकारी कागद विपुल आहेत, परंतु ते कंपनीच्या, बंदराच्या अथवा पोलिसांच्या सोयीसाठी लिहिलेले आहेत. त्या लोकांनी स्वतः लिहविलेला व छापविलेला असा एक कागद मात्र हजारोंच्या संख्येने निर्माण झाला आणि तो इतिहासाच्या अभ्यासकांनी क्वचितच साधन म्हणून हाती घेतला. तो कागद म्हणजे उपाहारगृहाचा मेनू.

विसाव्या शतकात इंग्लंडमध्ये 'इंडियन रेस्टॉरंट' या नावाने जी लहान लहान उपाहारगृहे गावोगाव पसरली, त्यांपैकी बहुसंख्य आजच्या बांगलादेशातील सिल्हेट या एका भागातून आलेल्या माणसांनी चालविली, ही गोष्ट आता सर्वमान्य आहे. तथापि त्यांच्या मेनूवर सिल्हेटचा पदार्थ शोधू गेल्यास तो बहुधा सापडत नाही. मालक सिल्हेटी, आचारी सिल्हेटी, वाढणारा सिल्हेटी. आणि मेनूवरील शब्द मात्र गोव्याचे, पारशांचे, मद्रासचे, पंजाबचे व मोगल दरबाराचे. ही विसंगती कशी उत्पन्न झाली आणि तिच्यावरून त्या माणसांच्या इतिहासाविषयी काय अनुमान करता येते, एवढाच प्रश्न प्रस्तुत लेखात विचारात घ्यावयाचा आहे.

२

लंडनमध्ये हिंदी माणसाने हिंदी जेवणाचे उपाहारगृह काढल्याची ठाऊक असलेली पहिली घटना १८१० सालची आहे. पाटण्यास १७५९ मध्ये जन्मलेला शेख दीन महंमद हा कंपनीच्या बंगाली फौजेत काही वर्षे काढून १७८४ मध्ये आयर्लंडातील कॉर्क येथे जाऊन राहिला. तेथे १७९४ मध्ये त्याने आपले प्रवासवृत्त इंग्रजीत प्रसिद्ध केले. हिंदी माणसाने इंग्रजीत लिहिलेले पहिले पुस्तक म्हणून त्याचा निर्देश होतो. पुढे लंडनला येऊन त्याने पोर्टमन स्क्वेअरजवळ जॉर्ज स्ट्रीटवर 'हिंदुस्तानी कॉफी हाउस' उघडले. हिंदुस्थानातून परतलेल्या धनिक इंग्रजांना तेथे वेताच्या खुर्च्या, हुक्का आणि मसाल्याचे जेवण मिळावे अशी त्याची योजना होती. परंतु अशा धनिकांच्या घरी स्वतःचे स्वयंपाकी असत. १८१२ मध्ये दीन महंमदावर दिवाळखोरीची पाळी आली. त्यानंतर ब्रायटन येथे त्याने चंपीची स्नानगृहे काढून नाव कमावले आणि 'चाँपना' या धातूपासून झालेला 'शाम्पू' हा शब्द इंग्रजीत रूढ होण्यास मोठा हातभार लावला. जेवणाच्या धंद्याने मात्र त्याला हात दिला नाही.

या घटनेतून एक गोष्ट लक्षात ठेवावयाची. 'करी' ही इंग्रजांना नवी नव्हती. हॅना ग्लास हिच्या १७४७ च्या पाकपुस्तकात तिची कृती आलेली आहे. म्हणजे हिंदी जेवणाविषयीची शब्दावली इंग्रजीत अगोदरच स्थिरावू लागली होती आणि ती स्थिर करणारे लोक खाणारे होते, रांधणारे नव्हते. दीन महंमदाच्या मागून ज्यांनी ज्यांनी हा धंदा केला, त्यांना गिऱ्हाइकाच्या तोंडी बसलेले हे शब्द आयतेच मिळाले; अथवा असे म्हणू की, पत्करावे लागले.

३

सिल्हेटी माणसे लंडनला आली ती मात्र उपाहारगृहे काढण्यासाठी नव्हे. वाफेची जहाजे सुरू झाल्यावर भट्टीपाशी काम करणाऱ्या स्वस्त मजुरांची गरज भासू लागली. कलकत्त्याहून सुटणाऱ्या जहाजांच्या इंजिनखान्यात सिल्हेटच्या माणसांचा भरणा मोठा असे. हा प्रदेश पावसाळ्यात महिनोन्महिने पाण्याखाली जाणारा आणि नावाड्यांच्या जुन्या परंपरेचा. एक माणूस सारंग झाला की तो आपल्या गावची, नात्याची माणसे भरती करी. त्यामुळे थोड्याच गावांतून पुष्कळ माणसे दर्यावर गेली. मुंबईहून निघणाऱ्या जहाजांवरील वाटणी निराळी होती. तेथे डेकवर कोकण व गुजरातच्या किनाऱ्यावरील खलाशी, भोजनगृहात व मुदपाकखान्यात गोव्याचे ख्रिस्ती, आणि इंजिनखान्यात पंजाब व सरहद्दीकडील लोक, अशी ढोबळ व्यवस्था आढळते. गोवेकर जहाजावर स्वयंपाक करीत होता आणि सिल्हेटी माणूस कोळसा ओढीत होता, हे पुढील विवेचनासाठी ध्यानात ठेवणे अवश्य आहे.

जहाजावरील या सर्वांची मिळून एक बोली होती. तिला 'लश्करी' म्हणत. हिंदुस्तानीच्या पायावर फारसी, पोर्तुगीज व इंग्रजी शब्दांची भर पडून ती तयार झाली होती. टॉमस रोबक याने १८११ मध्ये तिचा कोश प्रसिद्ध केला. 'सारंग', 'तांडेल', 'खलाशी' हे आपल्या किनाऱ्यावरील शब्द त्याच जगातले. 'भंडारी' हा शब्दही तेथे स्वयंपाक्याच्या अर्थाने चाले. हा कोश तयार झाला तो अधिकाऱ्यांना हुकूम देता यावेत म्हणून. साहजिकच त्यात दोरखंड आणि शिडे यांचे शब्द भरपूर आहेत. भट्टीपुढून आलेला माणूस आपल्या ताटाला काय म्हणत असे हे शोधू जाणाऱ्यास त्याचा फारसा उपयोग नाही.

हे खलाशी पुष्कळदा बंदरात जहाज सोडून पळ काढीत. लंडनच्या गोदीपासून ईस्ट एंडच्या गल्ल्या जवळ होत्या. तेथे आपल्या गावचा माणूस सापडे आणि त्याच्या ओळखीने एखाद्या हॉटेलात भांडी घासण्याचे काम लागे. एडवर्ड पामर या अँग्लो-इंडियन घराण्यातील गृहस्थाने १९२६ मध्ये रीजंट स्ट्रीटवर काढलेले 'वीरस्वामी' हे उपाहारगृह प्रतिष्ठितांसाठी होते. अशा मोठ्या जागांच्या व त्यांच्या अनुकरणाने निघालेल्या लहान जागांच्या मोऱ्यांवर काम करून या माणसांनी धंदा शिकून घेतला. मोरीवरून भटारखान्यात, भटारखान्यातून बाहेर वाढण्यास, आणि काही वर्षांनी भागीदारीत स्वतःची जागा, असा क्रम अनेकांच्या आत्मकथनांत आढळतो. कॅरोलाइन अ‍ॅडम्स यांनी वृद्ध सिल्हेटी खलाशांच्या तोंडून ऐकून १९८७ मध्ये प्रसिद्ध केलेला संग्रह या दृष्टीने मोलाचा आहे. त्याचे शीर्षक 'सात समुद्र तेरा नद्या' या बंगाली वाक्प्रचारावरून घेतले आहे. आपण 'सातासमुद्रापलीकडे' म्हणून थांबतो, बंगालीत नद्यांचीही मोजदाद होते.

स्वयंपाक ते शिकले तो परक्याच्या भटारखान्यात, आणि त्याबरोबर तेथला मेनूही त्यांनी उचलला. घरी त्यांनी हाती पळी धरली नव्हती. ते काम आई-बहिणींचे होते. गोव्याचा आचारी जसे आपले पदार्थ घरून घेऊन निघाला, तसे या माणसांचे झाले नाही. विसंगतीचे पहिले कारण हे होय.

४

दुसरे कारण उपाहारगृहांच्या नावांवरून कळते. अयूब अली 'मास्तर' या सिल्हेटी खलाशाने कमर्शियल स्ट्रीटवर जे कॉफी हाउस चालविले, त्याचे नाव 'शाह जलाल' होते. शाह जलाल यांचा दर्गा सिल्हेट शहरात आहे. हे नाव सिल्हेटी माणसालाच अर्थपूर्ण वाटणार. आणि ती जागा खरोखरच त्यांच्यासाठी होती. तेथे पत्रे लिहून मिळत, अर्ज भरून मिळत, नव्याने आलेल्याला झोपावयास जागा मिळे. याच अयूब अलींनी शाह अब्दुल मजीद कुरेशी यांच्यासमवेत १९४३ मध्ये हिंदी खलाशांच्या कल्याणासाठी एक संस्था स्थापन केली. कुरेशी यांनी स्वतः १९३८ मध्ये सोहो भागात उपाहारगृह काढले होते. त्याचे नाव 'दिलखुश'.

'शाह जलाल' आणि 'दिलखुश' या दोन नावांत या धंद्याचा पुढील सारा मार्ग आखलेला दिसतो. पहिले नाव स्वजनांस हाक मारते. दुसरे परक्याला आत बोलावते. दुसऱ्या महायुद्धानंतर बॉम्बने मोडकळीस आलेल्या जागा आणि तळलेल्या मासळी-बटाट्याची जुनी दुकाने या लोकांनी स्वस्तात घेतली. जुने गिऱ्हाईक तुटू नये म्हणून बटाट्याचे काप त्यांनी कायम ठेवले व त्यांच्या शेजारी 'करी' मांडली. आता नावे 'ताजमहाल', 'कोहिनूर' अशी पडू लागली. सुरमा नदीचे, हाओरांचे, शाह जलालांचे नाव पाटीवर लिहून इंग्रज गिऱ्हाईक आत येणार नव्हते.

येथे राजकीय भूगोलानेही हातभार लावला. सिल्हेट जिल्हा १८७४ मध्ये बंगालपासून तोडून आसामास जोडला गेला. १९४७ च्या जुलैतील सार्वमताने त्याचा बहुतेक भाग पूर्व पाकिस्तानात गेला. १९७१ मध्ये तो बांगलादेशाचा भाग झाला. एका माणसाच्या आयुष्यात त्याच्या देशाचे नाव दोनदा बदलले, परंतु दारावरील 'इंडियन' ही पाटी बदलली नाही. ते विशेषण आता देशाचे राहिलेच नव्हते; विशिष्ट तऱ्हेच्या जेवणाचे ते नाव होऊन बसले होते.

५

आता मेनूवरील शब्दांकडे वळू. सोस्यूरने प्रतिपादिल्याप्रमाणे शब्दाचे मूल्य त्याच्या व्युत्पत्तीने ठरत नाही. त्याच व्यवस्थेतील शेजारच्या शब्दांशी असलेल्या भेदाने ते ठरते. लंडनच्या मेनूइतके या सिद्धान्ताचे सुबोध उदाहरण वर्गात देण्यास दुसरे क्वचितच मिळेल. 'कोर्मा', 'मद्रास' व 'विंदालू' हे तीन शब्द घ्या. पहिला तुर्की मुळाचा, उर्दूतून आलेला व शिजविण्याची एक रीत सांगणारा. दुसरा एका शहराचे नाव. तिसरा पोर्तुगीजातून गोव्यात आलेला. मूळ जागी या तिघांचा परस्परांशी काहीही संबंध नाही. लंडनच्या मेनूवर मात्र ते एका ओळीत उभे राहिले आणि त्यांचा अर्थ अनुक्रमे 'सौम्य', 'तिखट' व 'जहाल' असा झाला. भटारखान्यात कांद्याचा एकच रस्सा मोठ्या पातेल्यात तयार असे. त्याला कमीअधिक तिखट लावून तीन पदार्थ सिद्ध होत. मद्रास शहर हे तिखटाचे एक परिमाण होऊन गेले.

पारशांच्या 'धानशाक'चीही हीच कथा. मुंबईच्या पारशी घरात हा पदार्थ मृत्यूनंतरच्या चौथ्या दिवसाशी निगडित असल्यामुळे शुभकार्यात तो वर्ज्य मानतात. लंडनच्या मेनूवर हा संदर्भ गळून पडला आणि 'डाळ घातलेला आंबटगोड रस्सा' एवढाच अर्थ उरला. काही ठिकाणी त्यात अननसही पडू लागला. आपला बोंबील 'बॉम्बे डक' होऊन तेथे कुरकुरीत तोंडीलावणे म्हणून येतो, आणि हा मासा आहे की बदक, असा प्रश्न गिऱ्हाईक आजही वाढणाऱ्याला विचारते.

येथवर पाहता मेनू म्हणजे मालकाचा चेहरा झाकणारा पडदाच होय, असे वाटेल. परंतु पडद्याला एके ठिकाणी भोक पडले आहे, आणि ते 'विंदालू' या शब्दात आहे. हा शब्द मूळ पोर्तुगीज 'व्हिन्य द आल्युश' असा आहे. 'व्हिन्यु' म्हणजे मद्य आणि 'आल्यु' म्हणजे लसूण. गोव्यात मद्याची जागा माडाच्या शिरक्याने घेतली. या पदार्थात बटाट्याचे काही काम नाही. लंडनच्या लहान उपाहारगृहांतील विंदालूत मात्र बटाटा हटकून सापडतो. तो कोठून आला? शब्दाच्या शेवटी ऐकू येणाऱ्या 'आलू'मुळे, हे उघड आहे. लोकव्युत्पत्तीने शब्दाचा अर्थ बदलल्याची उदाहरणे आपणांस ठाऊक असतात. लोकव्युत्पत्तीने पातेल्यात नवे द्रव्य पडल्याचे हे उदाहरण विरळा.

आता असे पाहा की, ही चूक कोण करू शकेल? कोकणी अथवा मराठी भाषिकाच्या हातून ती होणे संभवत नाही, कारण आपल्या भाषांत बटाट्याला 'आलू' म्हणत नाहीत. 'बटाटा' हा शब्दच आपण पोर्तुगीजांकडून घेतला आहे. ज्याच्या भाषेत 'आलू' म्हणजे बटाटा, त्यालाच 'विंदालू'त बटाटा ऐकू येईल. एकट्या या पुराव्यावरून बंगाली वा सिल्हेटी असा निर्णय देता येणार नाही, कारण हिंदी-उर्दू भाषिकही हीच चूक करील. परंतु धंदा कोणाच्या हाती होता हे इतर साधनांवरून माहीत असताना, हा बटाटा आचाऱ्याच्या मातृभाषेची सही ठरतो. मेनूने त्याचे गाव, त्याचा पीर, त्याच्या आईचे रांधप हे सारे गाळले. त्याचा कान मात्र त्याला गाळता आला नाही. शुद्ध पाककृतीचे अभिमानी या बटाट्यास भ्रष्टाकार म्हणतील. इतिहासाच्या अभ्यासकाने त्यास पुरावा म्हणावे.

६

काही वर्षांपूर्वी प्रस्तुत लेखकास लंडनच्या पूर्व भागातील अशा एका लहान उपाहारगृहात काही रात्री जेवण्याचा योग आला. आठ-दहा मेजे, भिंतीवर ताजमहालाचे चित्र, आणि मेनूवर वर सांगितलेली सर्व नावे. वाढणारे वयस्क गृहस्थ इंग्रज गिऱ्हाइकाशी इंग्रजीत बोलत. माझ्याशी, मी भारतातून आलो असे कळताच, हिंदीत. आणि भटारखान्याच्या खिडकीतून आत ओरडून सांगत ते सिल्हेटीत. एकाच पदार्थाचा प्रवास दहा पावलांत तीन भाषांतून होई. मला ते 'भाईसाहेब' म्हणत, इंग्रजांस 'सर', आणि आतल्या मुलास 'बाबा'.

एके रात्री गिऱ्हाईक गेल्यावर उशिरा भटारखान्यातील माणसे जेवावयास बसली. मीही रेंगाळलो होतो. त्यांच्या ताटात भात, मासे आणि कोणत्याशा जाड सालीच्या लिंबवर्गी फळाच्या फोडी घातलेला मांसाचा रस्सा होता. त्याचा वास उग्र आणि सुंदर होता. हे मेनूवर कोठे आहे, असे मी विचारले. गृहस्थ हसले. म्हणाले, "हे विकायचे नाही, हे आमचे जेवण आहे." आणि थोडे माझ्या ताटात वाढले. फळाचे नाव त्यांनी सांगितले, 'हातकरा'. मी ते 'हाता'शी जोडून, हाताने काही करावयाचे असेल अशा समजुतीने टिपून घेतले. दुसऱ्या दिवशी चूक उमगली. प्रमाण बंगालीतील आद्य 'श'काराच्या जागी सिल्हेटीत पुष्कळदा 'ह'कार येतो. 'शात', म्हणजे आपले सात, तेथे 'हात' होतात, आणि प्रमाण बंगालीतील 'शातकरा' हे फळ 'हातकरा' होते. विंदालूत आलू ऐकणारा आचारी आणि हातकऱ्यात हात ऐकणारा भाषाशास्त्राचा अध्यापक, दोघांच्याही कानांनी एकाच रीतीने दगा दिला होता. त्याच्या चुकीने एक पदार्थ तरी निर्माण झाला.

मुख्य गोष्ट मात्र ही नव्हे. ज्या शब्दावरून त्या माणसाचे गाव निःसंशय ओळखता आले असते, तो शब्द त्या घरात रोज उच्चारला जात होता आणि त्याची नोंद छापील कागदावर कोठेही नव्हती. सिल्हेटीला एके काळी स्वतःची लिपी होती; 'सिल्हेटी नागरी' या नावाने ती ओळखली जाते व तीत पोथ्या लिहिल्या व छापल्या गेल्या. पुढे ती मागे पडली. आज सिल्हेटी माणूस लिहितो तो प्रमाण बंगालीत अथवा इंग्रजीत. म्हणजे ही भाषा शाळेत नाही, पाटीवर नाही, मेनूवर नाही. ती राहिली घरात आणि रात्री उशिराच्या त्या जेवणात.

७

ब्रिटनने १९६२ च्या कायद्याने राष्ट्रकुलातील लोकांच्या आगमनावर निर्बंध घातले, तेव्हा येऊन-जाऊन राहण्याचा जुना प्रघात मोडला. पुढे बायकामुले आली आणि एकट्या पुरुषांची बिऱ्हाडे घरे झाली. ब्रिक लेन परिसरातील प्रभागाच्या नावात 'बांगलाटाउन' हा शब्द दाखल झाला. त्याच रस्त्यावरील एक वास्तू १७४३ मध्ये फ्रेंच निर्वासितांचे चर्च म्हणून बांधली गेली, १८९८ मध्ये ज्यूंचे सिनेगॉग झाली आणि १९७६ पासून मशीद आहे. एका लोकसमूहाने मोकळी केलेली जागा दुसऱ्याने घ्यावी, हा त्या भागाचा शिरस्ताच होय. एप्रिल २००१ मध्ये ब्रिटनचे परराष्ट्रमंत्री रॉबिन कुक यांनी 'चिकन टिक्का मसाला' हा खरा ब्रिटिश राष्ट्रीय पदार्थ असल्याचे जाहीर भाषणात सांगितले. गौरव पदार्थाचा झाला. तो रांधणारा कोणत्या भाषेत स्वप्न पाहतो, हा प्रश्न त्या भाषणाच्या कक्षेत येत नव्हता.

आता ही उपाहारगृहे एकामागून एक बंद होत आहेत. मुले शिकून अन्य व्यवसायांत गेली आणि नवे आचारी आणण्यास कायद्याच्या अडचणी आहेत. बापाने मुलाला त्या भट्टीपुढे उभे करू इच्छिले नाही, यात शोक करण्यासारखे काही नाही; त्यासाठीच तर तो स्वतः उभा राहिला होता. मेनू ग्रंथालयांतून जपले जातील. जपले जाणार नाही ते भटारखान्याच्या खिडकीच्या आतले बोलणे.

हा प्रश्न केवळ लंडनचा नाही. मुंबईहून सुटणाऱ्या जहाजांवर रत्नागिरीच्या व गोव्याच्या माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या चाकरी केली. सारंग-तांडेलांची लश्करी त्यांच्या तोंडी होती. जहाजावर साहेबासाठी एक आणि आपल्यासाठी दुसरे अन्न तेही रांधीत होते. त्या नोकरीतून निवृत्त झालेली वृद्ध माणसे किनाऱ्यावरील गावांतून अद्याप भेटतात. आपल्या विभागातील विद्यार्थी प्रबंधासाठी विषय शोधीत पुष्कळदा लांब जातात. त्यांतील एखाद्याने वही घेऊन अशा एका घरी जावे, आणि साहेबाला काय वाढीत होतात हे विचारून झाल्यावर, स्वतः काय जेवत होतात आणि त्याला काय म्हणत होतात, हे विचारावे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर कंपनीच्या दप्तरात कोठे तरी मिळेल. दुसऱ्याचे उत्तर त्या माणसाखेरीज कोणाजवळ नाही.